भयकथा लिहू पाहणाऱ्या भाच्यास

धरणगाव, जि. जळगाव

चि. बापू यास,


तू विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद पुढे ओढला. पुण्यात शनिवारी रात्री तुम्ही मित्र जमता, आळीपाळीने ‘ड्रॅक्युला’ मोठ्याने वाचता, नारायण धारप वाचता, रत्नाकर मतकरी वाचता, आणि आता आपल्या मराठीत स्वतःच्या भयकथा लिहून त्या ध्वनिमुद्रित करायच्या म्हणता. हे ऐकून मला फार बरं वाटलं. इंजिनिअर झालेल्या पोराने भुताखेतांत रमावं हे तुझ्या बाबांना पटत नाही. त्यांच्याशी मी बोलेन, त्याची काळजी तू करू नकोस. पण तुझा जो मित्र म्हणतो की जुन्या गोष्टी रटाळ आहेत, आजच्या ऐकणाऱ्याला दर दोन मिनिटांनी दचकवलं पाहिजे, त्याचं मात्र ऐकू नकोस.

दचकवायला काही लागत नाही. दार धाडकन आपटलं की माणूस दचकतो आणि तेच दार तिसऱ्यांदा आपटलं की त्याला हसू येतं. जुन्या गोष्टीचं उलट असतं. ती दुसऱ्यांदा वाचताना भीती वाढते, कारण त्या घरात काय घडून गेलंय ते आता आपल्याला ठाऊक असतं आणि पाहुणा मात्र निवांतपणे उंबरठा ओलांडत असतो. एवढ्या एका गोष्टीसाठी लोक दोनशे-अडीचशे वर्षं या कथांकडे परत परत येत आले आहेत.

या कथांचं मूळ एकदा नीट बघून घे. इंग्लंडमध्ये होरेस वॉलपोल नावाच्या गृहस्थाने १७६४ साली ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ छापली. आधी त्याने ती जुन्या इटालियन हस्तलिखिताचं भाषांतर म्हणून खपवली आणि दुसऱ्या आवृत्तीत आपलं नाव कबूल करून तिला ‘गॉथिक कथा’ म्हटलं. गोष्टीत घरच्या एकुलत्या मुलाचं लग्न असतं आणि त्याच दिवशी आभाळातून पडावं तसं एक प्रचंड शिरस्त्राण अंगणात कोसळून नवरदेव चिरडला जातो. का? तर त्याच्या पणजोबाने खऱ्या मालकाला विष घालून, खोटं मृत्युपत्र करून तो किल्ला बळकावलेला असतो. बापू, ज्या गोष्टीपासून हा सगळा पसारा सुरू झाला तिच्या तळाशी खोटं मृत्युपत्र आहे. भूत, शाप, पुतळ्याच्या नाकातून ठिबकणारं रक्त, हे सगळं त्यामागून आलं.

माझं सगळं सांगणं याभोवतीच आहे. जुनी भयकथा टिकली ती तिच्यातल्या भुतामुळे नाही, त्या घरावर असलेल्या देण्यामुळे टिकली. कुणाचं तरी काहीतरी बुडवलेलं असतं, घराने ते दाबून टाकलेलं असतं, करणारे मरून जातात, आणि ज्याचा काही दोष नाही असा नातू किंवा नवी सून त्या घरात राहायला येते. आजच्या माणसाला हे कळायला किल्ला लागत नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यालाही माहीत असतं की एका काकूचं नाव घरात काढायचं नाही, अमुक जमीन कशी आली ते विचारायचं नाही, फोटोंच्या रांगेतला एक फोटो का उतरवला त्याची चौकशी करायची नाही. तो ही गोष्ट ऐकतो तेव्हा त्याला आपलं घर आठवतं.

‘तुंबाड’चंच बघ. राही अनिल बर्वे यांनी तो सिनेमा वर्षानुवर्षं खपून केला. २०१८ च्या ऑक्टोबरात आला तेव्हा थिएटरात फार चालला नाही. मग लोकांनी तो एकमेकांना सांगत सांगत घरोघरी पाहिला आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. तू स्वतः तेव्हा रांगेत उभा होतास. त्यात दचकण्याच्या जागा मोजून बघ, फारशा नाहीत. आहे तो पाऊस, पडका वाडा, साखळीने बांधून ठेवलेली म्हातारी आणि बापाची हाव शिकत जाणारा पोरगा. सोन्याची मोहोर बापाकडून मुलाकडे येते आणि तिच्याबरोबर भूकही येते. या सिनेमाचं बीजही सांगण्यासारखं आहे. बर्वे यांनी १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून नारायण धारपांची एक गोष्ट ऐकली होती. वाचली नव्हती, ऐकली होती. ती त्यांच्या मनातून गेली नाही.

आता आपल्या मुलखाकडे ये. तुझ्या पहिल्या मसुद्यात डोंगरावरचा किल्ला, धुकं, वटवाघळं, घोडागाडी आहे. हे सगळं काढून टाक. खान्देशात धुकं किती दिवस पडतं? आणि आपल्याकडे किल्ल्याची उणीव कुठे आहे, गावोगाव गढ्या आहेत. पांढऱ्या मातीच्या उंच टेकाडावर उभ्या, अर्ध्या पावसाने खचलेल्या, दिंडी दरवाजा शाबूत आणि आत बोरी-बाभळी माजलेल्या. वारस सुरतेला, मुंबईला, पुण्याला पांगलेले. वाटणीचा दावा कोर्टात पडून, म्हणून कुलूप कुणी काढत नाही आणि भिंत कुणी सावरत नाही. वॉलपोलला जे कल्पनेने उभं करावं लागलं ते तुला एसटीच्या खिडकीतून दिसतं.

आणि हे गाव तरी काय साधं आहे! १६७४ मध्ये इथे इंग्रजांची वखार होती. शिवाजी महाराजांच्या फौजा इथे येऊन गेल्या, १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या स्वारीत पेठ जळाली. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी औट्रमने भिल्लांची पलटण उभारली ती याच गावात. ज्या डोंगरातल्या माणसांचा पाठलाग चालला होता त्यांच्यातल्याच तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांना त्यांच्याच भावांवर सोडलं गेलं. त्या पलटणीतला एखादा शिपाई रात्री घरी परतताना कुणाला भेटला असेल, याचा विचार कर. मी फक्त सुचवतो.

पण माझ्या मनात तुझ्यासाठी जी गोष्ट आहे ती पेवाची, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठाराची. आपल्या मागच्या अंगणातलं पेव तू पाहिलेलं नाहीस, तुझ्या जन्माआधीच ते बुजवलं. तोंड इतकं अरुंद की माणसाने खांदे आखडून उतरावं, आणि खाली पोट फुगत गेलेलं. आतून कडब्याचा थर देऊन ज्वारी भरायची, तोंडावर दगड, दगडावर मातीचा लेप. पेव फोडायच्या दिवशी झाकण निघालं की आतून उबट, आंबूस वास येई आणि पोरांना मागे सारत. लगेच कुणी उतरत नसे. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा. सगळे वाकून बघत. ज्योत तेवत राहिली तर गडी उतरे. ज्योत लहान होत होत विझली तर त्या दिवशी काम बंद, आणि कुणी काही न बोलता पांगत. बंद जागेत धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो, कर्बवायू तळाशी साचतो, म्हणून दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो. शाळेत मी मुलांना हे अशाच शब्दांत शिकवलं. तुझी आजी मात्र म्हणायची, पेव माणूस मागतं.

तुझ्या गोष्टीत दोन्ही ठेव. वायूचं कारण ज्याला माहीत आहे असा एक माणूस आणि पेव माणूस मागतं असं मानणारी एक म्हातारी, दोघेही त्या तोंडाशी उभे राहू देत. भूत दाखवण्याची घाई करू नकोस. कंदील खाली जाताना भोवतालच्या चेहऱ्यांवरचा उजेड कमी होत जातो, तेवढंच सांग.

आणि देणं विसरू नकोस. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्याकडे ‘छप्पन्न्या’ म्हणून म्हाताऱ्यांच्या तोंडी होता. खान्देशात माणसं आणि जनावरं पटापट गेली. अशा साली एखाद्या गढीत पेव भरलेलं असेल आणि दिंडी दरवाजा आतून लावून घेतलेला असेल, तर त्या घराला पुढच्या चार पिढ्या झोप कशी लागावी? बाहेर कोण उभं होतं, त्यांनी किती रात्री दार वाजवलं, आतल्यांपैकी कुणाला उघडावंसं वाटलं होतं आणि त्याला कुणी अडवलं, यात तुझी सगळी कादंबरी आहे. फक्त कुठल्या खऱ्या घराण्याचं, खऱ्या गढीचं नाव घालू नकोस. गाव कल्पित ठेव, माती खरी ठेव.

माती खरी का हवी ते रवींद्रनाथांकडे बघ. त्यांनी १८९५ मध्ये ‘क्षुधित पाषाण’ ही कथा लिहिली. त्यातला नायक कापसावरचा कर गोळा करणारा सरकारी नोकर आहे, हे वाचून आपल्या कापसाच्या मुलखातल्या माणसाला जवळचं वाटतं. तो एका ओसाड महालात मुक्काम करतो आणि महाल त्याला रोज रात्री थोडा थोडा गिळत जातो. अहमदाबादच्या शाहीबागेतल्या महालात रवींद्रनाथ तरुणपणी राहिले होते, त्या मुक्कामातून ही कथा आली. राहिलेल्या घरातूनच अशी गोष्ट येते, दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेल्या घरातून येत नाही.

आणि बालकवी तर आपल्याच गावचे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० चा, इथलाच. शाळेत आपण त्यांना फुलराणीचा, हिरवळीचा कवी म्हणून शिकतो आणि तिथेच थांबतो. तू त्यांची ‘पारवा’ काढ. मोडकळीला आलेली धर्मशाळा, वर बसलेला एकटा पक्षी आणि भोवतीची दुपार. त्यात भूत नाही, खून नाही, शाप नाही, तरी ती वाचून छातीवर दडपण येतं. एडगर अॅलन पोने १८३९ मध्ये अशर घराण्याच्या पडझडीची कथा लिहिली, तिच्यातही अर्ध्याहून जास्त भीती त्या घराच्या भिंतींची, तळ्याची आणि हवेची आहे. बालकवींनी ती भीती मोजक्या कडव्यांत मराठीत आणून ठेवली. उजाड जागा कशी लिहावी हे तुला घरबसल्या शिकायला मिळतं आहे. ‘औदुंबर’ही पुन्हा वाच, सावकाश. ती आनंदाची की मरणाची, यावर जाणते लोक आजही भांडतात.

एक मात्र बजावून सांगतो. बालकवी ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्या रुळांवर कवीचा आत्मा फिरतो वगैरे काहीही तुझ्या कार्यक्रमात येता कामा नये. कुणीतरी हे सुचवेल, कारण ऐकणारे मिळतात. खऱ्या माणसाचं मरण उसनं घेऊन अंगावर काटा आणणं मला अत्यंत हीन वाटतं.

यापेक्षा मोठी काळजी मला दुसरी आहे. सातपुड्यात, नंदुरबारकडच्या पाड्यांवर, बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या, जीव घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. बहुतेकदा ती एकटी असते, विधवा असते, आणि तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध जिवाचं रान केलं. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. तू ज्या भागातून आलास त्या भागात ‘गावातली म्हातारी चेटकीण निघाली’ ही गोष्ट निरुपद्रवी नाही. पडद्यावर आणि पुस्तकांत वर्षानुवर्षं हडळ म्हटली की मोकळ्या केसांची बाई, आणि तिला कुणी मारलं ते दोन वाक्यांत उरकायचं, हेच चालत आलं. तू उलट कर. जिला डाकीण म्हटलं तिचा सातबारा नंतर कुणाच्या नावावर चढला, तिथून गोष्ट सुरू कर. मग लोक भुताला घाबरणार नाहीत, पंचांच्या बैठकीला घाबरतील, आणि ते योग्यच होईल. भयकथा लिहिणाऱ्याने भुतावर विश्वास ठेवावाच असं नाही. अन्याय जिरत नाही यावर मात्र त्याचा विश्वास हवा.

आता रचनेबद्दल. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. तुम्ही ती मोठ्याने वाचता आहात म्हणजे तुझ्या लक्षात आलंच असेल, ती सगळी रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं यांतून सांगितली आहे. एक डॉक्टर फोनोग्राफवर नोंदी बोलतो, मीना त्या टंकलेखन यंत्रावर उतरवते. त्या काळातली सर्वांत नवी यंत्रं घेऊन त्याने सर्वांत जुन्या भीतीची गोष्ट सांगितली. तू आवाजातच गोष्ट करणार आहेस, तर हे तंत्र तुला आयतं मिळालंय. तलाठ्याचा उतारा वाचून दाखव, वाटणीपत्रातली चतुःसीमा वाचून दाखव, अर्धवट राहिलेला व्हॉट्सअॅपवरचा आवाजी निरोप ऐकव. चतुःसीमेच्या कोरड्या भाषेत ‘पूर्वेस बुजविलेले पेव’ एवढे शब्द आले की ऐकणारा कान टवकारेल.

उसनं घ्यायला हरकत नाही. स्टीफन किंगने १९७५ मध्ये ‘सालेम्स लॉट’ लिहिली ती ड्रॅक्युला आजच्या अमेरिकन गावात आला तर काय होईल या विचारातून, आणि त्याच कादंबरीवरून धारपांनी ‘लुचाई’ केली. आयर्लंडच्या माणसाने लंडनमध्ये लिहिलेलं भूत अमेरिकेमार्गे मराठीत आलं आणि इथलंच होऊन बसलं. धारपांनी नावं बदलली एवढंच केलं असतं तर ते परकंच राहिलं असतं. त्यांनी घरं आपली घेतली, माणसांचं बोलणं आपलं घेतलं, त्यामुळे ते रुजलं. आज धारपांना जाऊन सतरा-अठरा वर्षं होत आली तरी तुमच्या वयाची मुलं त्यांची पुस्तकं शोधत फिरतात. तेव्हा तुझ्या गढीतली म्हातारी पुण्याचं मराठी का बोलते? तिला अहिराणी बोलू दे. ज्यांना चार शब्द कळणार नाहीत त्यांना ते आवाजावरून कळेल.

लिहिण्याआधी गोष्ट तोंडी सांग. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरन, शेली, अठरा वर्षांची मेरी आणि डॉक्टर पॉलिडोरी पावसाने घरात अडकले होते. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेने युरोपचा उन्हाळाच नासला होता. त्यांनी एकमेकांना भुताच्या कथा वाचून दाखवल्या आणि प्रत्येकाने एक लिहायची असं ठरलं. मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ मध्ये निघाली, पॉलिडोरीची पिशाच्चाची गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षी. आपल्याकडे हे काम हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत होतं. शेतात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायला टाकलेली, कळण्याच्या भाकरी फडक्यात, आणि वांगी उतरेपर्यंत कुणीतरी चकव्याची गोष्ट काढतो. ऐकणारे कुठे हलतात, कुठे जाळाकडे सरकतात, कुठे मुद्दाम खोकतात, ते बघून सांगणारा गोष्ट लांबवतो नाहीतर आवरतो. हे तुला मायक्रोफोनसमोर शिकता येणार नाही.

मतकरींविषयी तू विचारलंस. ‘गहिरे पाणी’ वाच आणि एक बघ, त्यांना वाडा लागत नाही. मुंबईतलं साधं मध्यमवर्गी घर, जिना, शेजार एवढ्यावर ते काम भागवतात. गढी नको असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी त्यांच्याकडे जा. आणि जी. ए. कुलकर्ण्यांची ‘स्वामी’, ‘पिंगळावेळ’मधली. मठाच्या पोटात मानाने कोंडलेला माणूस. ती रात्री एकट्याने वाचू नकोस असं मी सांगणार नाही, वाचच. माझ्या मते मराठीत त्याहून मोठी भयकथा नाही, आणि तिच्यावर भयकथेचा शिक्काही नाही.

जगात काय चाललंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ‘नोस्फेरातू’ हा १९२२ चा मूकपट, स्टोकरच्या विधवेने दावा लावून कोर्टाकडून त्याच्या प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला, तरी काही प्रती वाचल्या आणि २०२४ मध्ये त्यावरून पुन्हा नवा सिनेमा निघाला. पुढच्याच वर्षी देल तोरोचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आला. तुझ्या मित्राला हे सांग, आणि विचार की दर दोन मिनिटांनी दचकवणारी, दहा वर्षांपूर्वीची एक तरी गोष्ट त्याला आठवते का.

पेवाची गोष्ट आधी लिही. सगळी नको, दिंडी दरवाजा आतून लावून घेतला त्या रात्रीपर्यंतचीच. आतल्या बाजूने लिही, बाहेरच्यांचा फक्त आवाज येऊ दे. आखाजीला तुझी आई माहेरी येईल तिच्याबरोबर ये आणि ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखव. पेवात स्वतः उतरलेली दोन माणसं अजून गावात आहेत. त्यांना बोलावून ठेवतो, तुझ्या चुका ते सांगतील. कंदिलाची दोरी किती हात लागायची तेही त्यांनाच विचार, मला आता नक्की आठवत नाही.

तुझा,
मामा